फोर पास लूप

फोर पास लूप हा अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील एल्क पर्वतरांगेतला वर्तुळाकार डोंगरमार्ग आहे. अ‍ॅस्पेन शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या मरून लेक या सरोवराच्या काठावरून तो निघतो, चार उंच खिंडी ओलांडतो आणि मरून बेल्स या जोडशिखरांना वळसा घालून पुन्हा त्याच सरोवरापाशी येतो. 'चार खिंडींची फेरी' हाच नावाचा अर्थ आहे. मार्गाची लांबी मोजणीच्या पद्धतीनुसार ४२ ते ४५ किलोमीटर भरते आणि पूर्ण फेरीत एकूण सुमारे २,४०० मीटर चढण चढावी व तितकीच उतरावी लागते. चारही खिंडी १२,४०० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ३,७८० मीटरपेक्षा, अधिक उंचीवर आहेत.

पाठीवर तंबू व शिधा घेऊन चालणारे गिर्यारोहक ही फेरी साधारणपणे तीन ते चार दिवसांत पूर्ण करतात. डोंगरवाटांवरून धावण्याचा छंद अमेरिकेत वाढला तसा तोच मार्ग एका दिवसात धावत पूर्ण करण्याचा प्रघातही रूढ झाला. अंतराच्या दृष्टीने ही फेरी एका मॅरेथॉनएवढी आहे. उंची, चढण, घसारा आणि दुपारची वादळे यांमुळे मात्र रस्त्यावरील मॅरेथॉनशी तिची तुलना होऊ शकत नाही.

भौगोलिक स्थान

हा मार्ग व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातील मरून बेल्स-स्नोमास वन्यप्रदेशातून जातो. १९६४ साली अमेरिकेत वन्यप्रदेश संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा प्रारंभीच ज्या प्रदेशांना त्याचे संरक्षण मिळाले त्यांत याचा समावेश होता. त्यापूर्वी हा यूट या मूलनिवासी लोकांचा मुलूख होता. १८७९ नंतर चांदीच्या शोधात खाणकामगार येथे मोठ्या संख्येने आले, अ‍ॅस्पेन वसले आणि १८८१ मध्ये या भागातील यूट लोकांना युटाकडे हुसकावून लावण्यात आले. खाणींचा काळ १८९३ च्या चांदीच्या घसरणीबरोबर ओसरला. आजचे अ‍ॅस्पेन बर्फावरील खेळांसाठी व पर्यटनासाठी ओळखले जाते.

फेरीच्या केंद्रस्थानी मरून पीक आणि नॉर्थ मरून पीक ही शिखरे आहेत. दोन्ही १४,००० फुटांपेक्षा उंच असून उत्तर अमेरिकेतील सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेली शिखरे म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. फोर पास लूपची वाट या शिखरांवर चढत नाही, त्यांच्या पायथ्याच्या दऱ्यांमधून आणि लगतच्या धारेवरील खिंडींतून ती फिरते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण १९६५ साली या शिखरांवर पाच वेगवेगळ्या अपघातांत आठ जणांचा मृत्यू झाल्यानंतर त्यांना 'प्राणघातक बेल्स' असे नाव पडले. ती कुप्रसिद्धी अनेकदा संपूर्ण परिसराला चिकटवली जाते. फेरीच्या वाटेवर दोर लावण्याची किंवा कातळ चढण्याची गरज पडत नाही आणि तिचे धोके निराळे आहेत.

खडक आणि सरोवरे

शिखरांचा तपकिरी-लाल रंग मरून शैलसमूह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळाच्या खडकांमुळे आला आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आजच्या रॉकी पर्वताच्या आधी अस्तित्वात असलेल्या एका पर्वताची झीज होऊन त्याचा गाळ येथील खोलगट भागात साचला. त्यापासून पंकाश्म, वालुकाश्म व पिंडाश्म तयार झाले. त्यातील लोहाच्या ऑक्साइडने खडकाला रंग दिला. हे खडक ठिसूळ असून थर बाहेरच्या बाजूला कललेले आढळतात, त्यामुळे हाताने धरलेला किंवा पायाखालचा दगड निखळून येतो. खिंडींजवळच्या वाटेवर जो लाल घसारा लागतो, तो याच खडकाचा चुरा होय.

फेरीच्या उत्तर-पश्चिम भागातील स्नोमास पर्वत आणि हेगरमन शिखर मात्र करड्या अग्निज खडकाचे आहेत. हा शिलारस गाळाच्या थरांमध्ये बऱ्याच नंतरच्या काळात शिरला व तेथेच थंड झाला. ट्रेल रायडर खिंडीत उभे राहिले की लाल व करडा असे दोन्ही रंग एकाच दृष्टिक्षेपात दिसतात.

हिमयुगातील हिमनद्यांनी या भागातील दऱ्या कोरून त्यांना यू अक्षराचा आकार दिला. मरून लेकचा खळगाही हिमनदीनेच कोरला, पुढे कड्यांवरून कोसळलेल्या दरडींनी त्याचे तोंड अडवले आणि पाणी साठले. त्याच्या वरच्या अंगाला असलेले क्रेटर लेक नावामुळे फसवे आहे. क्रेटर म्हणजे ज्वालामुखीचे विवर, पण या सरोवराचा ज्वालामुखीशी काहीही संबंध नाही, तेही दरडीने अडलेलेच पाणी आहे. दगडांच्या राशीतून पाणी झिरपत असल्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस ते पुष्कळच आटते आणि जुलैतील छायाचित्र पाहून सप्टेंबरात आलेल्याची निराशा होते. फेरीवरील सर्वांत मोठे व देखणे सरोवर स्नोमास लेक होय. सुमारे ३,३५० मीटर उंचीवरच्या हिमगव्हरात ते आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना कडे व घसाऱ्याचे उतार आहेत. स्नोमास हे नाव पर्वताच्या पूर्व उतारावर दीर्घकाळ टिकणाऱ्या विस्तीर्ण बर्फामुळे पडले.

मार्ग

फेरी दोन्ही दिशांनी करता येते. येथे घड्याळाच्या काट्यांच्या, म्हणजेच प्रदक्षिणेच्या दिशेने वर्णन दिले आहे.

सुमारे २,९२० मीटर उंचीवरील मरून लेकपासून पायवाट अ‍ॅस्पेन वृक्षांच्या राईतून व दगडांच्या राशींतून क्रेटर लेकपर्यंत जाते. हा सुमारे ३ किलोमीटरचा टप्पा दिवसभराच्या सहलीला येणाऱ्या पर्यटकांनी गजबजलेला असतो. क्रेटर लेकपाशी वाटेला फाटा फुटतो. उजवीकडची वाट बकस्किन खिंडीकडे जाते, म्हणजे धावपटू शेवटी तिथूनच परततो. डावीकडची वाट वेस्ट मरून ओढ्याच्या काठाने झुडपांतून हळूहळू चढत जाते. या ओढ्याचे पात्र ओलांडावे लागते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस, बर्फ वितळत असताना, पाणी गुडघ्याला लागू शकते. वृक्षरेषा साधारण ३,५०० मीटरवर संपते आणि त्यानंतर वेस्ट मरून खिंडीपर्यंत (सुमारे ३,८१० मीटर) चढण एकदम उभी होते.

खिंडीच्या पलीकडचा उतार जुलैच्या उत्तरार्धात रानफुलांसाठी प्रसिद्ध आहे. कॉलोराडोचे राज्यफूल असलेले निळे-पांढरे कोलंबाइन, लाल पेंटब्रश आणि जांभळे ल्युपिन येथे विपुल फुलतात. याच खिंडीतून अ‍ॅस्पेन आणि क्रेस्टेड ब्यूट या दोन गावांकडच्या पायवाटा जोडल्या जातात. डोंगर ओलांडून पायी हे अंतर सुमारे १७ किलोमीटर आहे. मोटारीने मात्र रांगेला वळसा घालून जवळजवळ १६० किलोमीटर जावे लागते. फेरीची वाट खाली क्रेस्टेड ब्यूटकडे न उतरता उजवीकडे वळते, उताराला आडवी जाते आणि फ्रिजिड एअर खिंडीत (सुमारे ३,७८४ मीटर) पोहोचते. पहिल्या दोन खिंडींमधील हे अंतर फेरीतील सर्वांत कमी आहे. मधली आडवी वाट मऊ मातीची असल्यामुळे खऱ्या अर्थाने धावता येण्याजोगी आहे. खिंडीत शिरण्यापूर्वीची शेवटची चढण मात्र छोटी आणि फार उभी आहे.

फ्रिजिड एअर खिंडीतून वाट फ्रेव्हर्ट खोऱ्यात उतरते. मरून बेल्सची पश्चिम बाजू येथून दिसते. पर्यटकांच्या छायाचित्रांत ही बाजू क्वचितच आढळते. क्रिस्टल नदीच्या उत्तर फाट्याला धरून वाट कुरणांतून आणि पुढे दाट स्प्रूसच्या जंगलातून खाली जाते आणि मध्ये एका धबधब्यापाशी तीव्र उतार घेते. येथे सहाशे मीटरहून अधिक उंची गमावली जाते. ती ट्रेल रायडर खिंडीकडे (सुमारे ३,७८६ मीटर) जाताना सगळी परत कमवावी लागते. नदी ओलांडल्यानंतरची ही चढण फेरीतील सर्वांत कष्टाची मानली जाते. तिचे कारण केवळ उंचीत नाही: धावपटू या वेळेपर्यंत निम्मे अंतर कापून थकलेला असतो, सूर्य वर आलेला असतो आणि चढणीच्या खालच्या भागात वारा फारसा लागत नाही.

ट्रेल रायडर खिंडीतून स्नोमास लेक पूर्ण दिसते. पूर्वेकडील उतार दगडांचा असून त्यावर जुलैतही बर्फाचे पट्टे राहू शकतात. सरोवराच्या मुखापाशी वाहून आलेल्या ओंडक्यांचा खच पडलेला असतो. तेथून वाट जंगलात शिरते, स्नोमास ओढा ओलांडते आणि बकस्किन खिंडीच्या (सुमारे ३,८०० मीटर) वळणावळणाच्या चढणीला लागते. शेवटचा उतार मिनेहाहा घळीतून क्रेटर लेककडे येतो. कागदावर हा उतार सोपा दिसतो, परंतु तीन मोठे उतार आधीच उतरून आलेल्या मांड्यांच्या स्नायूंना तो चढणीपेक्षा जड जातो. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात व त्यामुळे त्यांना अधिक इजा होते.

एका दिवसातील धाव

निष्णात धावपटूंनी ही फेरी पाच तासांच्या आत पूर्ण केली आहे. चांगली तयारी असलेल्या हौशी धावपटूला आठ ते बारा तास लागतात. 'धावणे' हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा लागतो. उभ्या चढणीवर जवळजवळ सर्वच जण झपाट्याने चालतात, काही जण दुमडत्या काठ्या वापरतात आणि पळणे हे आडव्या वाटा, कुरणे व उतार यांपुरते राहते.

या मार्गावर कोणतीही अधिकृत शर्यत होत नाही. अमेरिकेच्या वन सेवेच्या धोरणानुसार वन्यप्रदेशात स्पर्धात्मक कार्यक्रमांना परवानगी दिली जात नाही. त्यामुळे येथे पाणपोया, दिशादर्शक फिती, वैद्यकीय पथक किंवा माघार घेणाऱ्यासाठी वाहन यांपैकी काहीच नसते. धावपटू एकटा किंवा लहान गटात निघतो आणि वेळेची नोंद स्वतःच ठेवतो. अशा वैयक्तिक नोंदींची तुलना करण्याची प्रथा डोंगरधावकांमध्ये आहे व तिला 'ज्ञात सर्वांत जलद वेळ' असे म्हणतात.

धावपटूचे सामान सहसा पाठीला घट्ट बसणाऱ्या जाकिटवजा पिशवीत मावेल इतकेच असते: खाद्यपदार्थ, पाण्याच्या मऊ बाटल्या, पाणी गाळण्याचे साधन, पातळ पावसाळी कोट, डोक्यावर बांधायचा दिवा. वाटेत ओढे भरपूर असल्यामुळे पाणी वाहून न्यावे लागत नाही, पण ते निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नये, कारण त्यात जियार्डिया हा आतड्यांचा परजीवी असू शकतो. तंबू आणि झोपण्याची पिशवी बाळगणाऱ्या पदयात्रिकाला वादळ आले तर वृक्षरेषेखाली थांबून रात्र काढता येते. धावपटूची ऊब बहुतांशी त्याच्या हालचालीतून येते. घोटा मुरगळून तो थांबला की जुलैतही ओल्या कपड्यांत त्याच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. एका दिवसाच्या धावेचा खरा पेच येथे आहे.

विजा आणि वेळेचे गणित

जुलै व ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य अमेरिकेवर मोसमी स्वरूपाचे बाष्प येते. सकाळचे आकाश निरभ्र असते, ऊन तापले की पर्वतांवर ढग उभे राहतात आणि दुपारी गडगडाटी वादळे होतात. त्यामुळे कॉलोराडोच्या पर्वतांत दुपारी बाराच्या आत उंच भागातून खाली उतरण्याचा संकेत पाळला जातो. एका शिखराला हा नियम सहज लागू पडतो. चार खिंडींना तो लावणे अवघड जाते, कारण प्रदक्षिणेच्या दिशेने गेल्यास चौथी खिंड फेरीचे सुमारे चार पंचमांश अंतर झाल्यावर येते.

हिशेब असा आहे. पहाटे पाच वाजता निघालेला आणि दहा तासांत फेरी पुरी करणारा धावपटू बकस्किन खिंडीत दुपारी साधारण दीड वाजता पोहोचतो, म्हणजे वादळांच्या ऐन वेळी. पाच वाजता निघून बारापूर्वी ती खिंड ओलांडायची असेल तर पूर्ण फेरीचा वेग सव्वाआठ तासांच्या आसपास असावा लागतो. त्याहून सावकाश धावणाऱ्याला रात्री तीनच्या सुमारास, दिव्याच्या उजेडात निघणे भाग पडते. वेग ही येथे सुरक्षिततेची बाब होते आणि वेगासाठी सामान कमी करावे लागते. सामान कमी केले की वादळात सापडल्यावर निभावण्याची शक्यताही कमी होते. या दोहोंमध्ये तोल साधणे हा या फेरीच्या नियोजनाचा गाभा आहे. ढग लवकर उभे राहिलेले दिसल्यास तिसऱ्या किंवा चौथ्या खिंडीच्या खाली झाडीत थांबून वादळ जाऊ देणे हाच सुरक्षित पर्याय उरतो. तेव्हा पिशवीतला तो जड वाटलेला कोट उपयोगी पडतो.

सप्टेंबरात वादळे कमी होतात आणि अ‍ॅस्पेनची पाने सोनेरी होतात, परंतु दिवस लहान होतो व हिमवर्षावाची शक्यता वाढते. जुलैच्या मध्यापूर्वी खिंडींवर कडक बर्फाचे उतार राहिलेले असू शकतात आणि अशा वेळी बुटांना लावायच्या दातेरी पट्ट्या व बर्फकुऱ्हाड यांची गरज भासते.

विरळ हवा

३,८०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्क्याने घटते. सखल प्रदेशात सहज धावणाऱ्या व्यक्तीला म्हणूनच येथे मंद चढणीवरही धाप लागते.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे ही विरळ हवेच्या आजाराची लक्षणे उंची गाठल्यानंतर सहसा ६ ते १२ तासांनी दिसू लागतात. एका दिवसाच्या फेरीत ती नेमकी उत्तरार्धात, वाहनरस्त्यापासून दूर असताना उद्भवू शकतात. फुप्फुसात पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे हे प्रकार क्वचित घडतात, पण ते जिवावर बेतणारे असतात आणि त्यावर तातडीने खाली उतरणे हाच प्रमुख उपाय आहे. फोर पास लूपवर मात्र खाली उतरणे म्हणजे घरी पोहोचणे नव्हे, कारण दोन खिंडींमधून उतरलेल्या माणसाला मोटारीकडे येण्यासाठी पुन्हा एखादी खिंड चढावीच लागते. अ‍ॅस्पेन परिसरात काही दिवस राहून शरीराला उंचीची सवय होऊ देणे यामुळेच आवश्यक समजले जाते.

माघारीच्या वाटा

पहिली खिंड ओलांडेपर्यंत परत फिरणे सोपे असते. फ्रेव्हर्ट खोऱ्यात उतरल्यावर जवळची सुटका पश्चिमेकडे लेड किंग खोऱ्याच्या दिशेने आहे, पण तेथून खडबडीत कच्च्या रस्त्याने मार्बल गावाला जावे लागते आणि मार्बलहून अ‍ॅस्पेन रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर आहे. स्नोमास लेकपासून स्नोमास ओढ्याच्या काठाने खाली जाणारी सुमारे १३ किलोमीटरची वाट हा दुसरा पर्याय होय. बकस्किन खिंडीवर वीज चमकत असेल तर ही वाट लांब असूनही शहाणपणाची ठरते. मार्गाच्या बहुतेक भागात भ्रमणध्वनीची सेवा मिळत नाही, म्हणून अनेक जण उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण बाळगतात. या परिसरातील बचावकार्य प्रामुख्याने माउंटन रेस्क्यू अ‍ॅस्पेन ही स्वयंसेवकांची संस्था करते.

नियम आणि पर्यावरणावरील ताण

उन्हाळी हंगामात मरून लेककडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळेत खासगी मोटारींना सर्वसाधारणपणे प्रवेश नसतो आणि पर्यटक बसने येतात. सरोवरापाशी वाहन उभे करण्यासाठी आगाऊ नोंदणी लागते. वादळाआधी फेरी पुरी करू पाहणाऱ्या धावपटूला दिवसाच्या बसचा फारसा उपयोग नसल्याने त्याची सगळी योजना या नोंदणीवर अवलंबून असते. हिवाळ्यात रस्ता बंद राहतो.

फेरीच्या मार्गावर मुक्काम करण्यासाठी वन सेवेचा परवाना सक्तीचा आहे आणि अन्न अस्वलांना न उघडता येणाऱ्या डब्यात ठेवावे लागते. गर्दी वाढल्यानंतर सरोवरांच्या काठी तुडवलेली जमीन, बेकायदा शेकोट्या आणि न पुरलेली मानवी विष्ठा या समस्या गंभीर झाल्या आणि त्यांमुळे हे नियम कडक करण्यात आले. एका दिवसात फेरी करणारा धावपटू मुक्काम करत नसल्याने रात्रीच्या परवान्याच्या कक्षेबाहेर राहतो. तो शेकोटी पेटवत नाही आणि जमीन अडवत नाही, हे खरे आहे. चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने पाय टाकणे किंवा नागमोडी वळणे तोडून सरळ उतरणे या त्याच्या सवयी मात्र वृक्षरेषेवरील वनस्पतींना घातक ठरतात. तेथे वाढीचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो आणि तुडवला गेलेला पट्टा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

खिंडींजवळच्या दगडांत मार्मोट आणि पायका हे लहान सस्तन प्राणी राहतात. उन्हाळ्यात पायका गवत तोडून वाळवतो व हिवाळ्यासाठी साठवतो. मार्मोट थांबलेल्या धावपटूंच्या पिशव्या कुरतडतो. मरून लेकच्या दलदलीत मूस हे मोठे हरीण येते आणि पिल्लांसह असताना ते माणसावर धावून जाऊ शकते. वन्यप्रदेशात सायकलसह सर्व यांत्रिक वाहनांना बंदी आहे, कुत्र्यांना साखळीने बांधून न्यावे लागते आणि एका गटात दहापेक्षा जास्त माणसे असू नयेत असा नियम आहे.